सहा मोठे की तीन? दोन क्यूबन बॉक्सर आणि तुलनेतला छेद

पीएचडीचा आराखडा लिहिताना सगळ्यात सोपं वाटणारं आणि सगळ्यात जास्त अडकवणारं वाक्य कोणतं, माहितीय? ‘प्रस्तुत संशोधनात अ आणि ब यांचा तुलनात्मक अभ्यास केला जाईल.’ मीही ते लिहिलं होतं. दोन तालुक्यांतल्या ग्रामसभांची संख्या मोजून कुठे लोकांचा सहभाग जास्त आहे हे सांगणार होते. सरांनी आराखडा चाळला आणि एकच विचारलं, “एका तालुक्यात गावं किती, दुसऱ्यात किती?” मी गप्प. ग्रामसभा मोजल्या होत्या, पण किती ग्रामसभा होऊ शकल्या असत्या, हे पाहिलंच नव्हतं.

हीच चूक नीट समजावी म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेते. तेओफिलो स्टीव्हन्सन आणि फेलिक्स सावोन, क्यूबाचे दोन थोर हौशी बॉक्सर. दोघांचीही ऑलिंपिकमध्ये तीन-तीन सुवर्णपदकं. स्टीव्हन्सनची १९७२, १९७६ आणि १९८० मधली. सावोनची १९९२, १९९६ आणि २००० मधली. त्यांच्याआधी बॉक्सिंगमध्ये अशी तीन पदकं फक्त हंगेरीच्या लास्लो पापला मिळाली होती. मग दोघांत मोठा कोण?

आधी हे दोघंच का?

तुलनेसाठी जोडी निवडतानाच निम्मं काम होतं. स्टीव्हन्सनची तुलना मोहम्मद अलीशी करायला लोकांना फार आवडतं. पण अली एका सुवर्णपदकानंतर व्यावसायिक झाला आणि स्टीव्हन्सन शेवटपर्यंत हौशीच राहिला. देश वेगळा, व्यवस्था वेगळी, स्पर्धा वेगळ्या. फरक सापडला तरी तो कशामुळे, हे सांगता येणार नाही.

स्टीव्हन्सन आणि सावोनच्या बाबतीत मात्र बरंच काही समान आहे. क्यूबात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्यावसायिक खेळांवर बंदी आली. दोघंही त्याच सरकारी व्यवस्थेत घडले, अल्सिदेस सागारा हे दोघांचेही राष्ट्रीय प्रशिक्षक, आणि दोघांनीही व्यावसायिक लढतींसाठी देश सोडला नाही. शिवाय दोघांच्या कारकिर्दी एका ठिकाणी चक्क एकमेकींना भेटतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे ३४ वर्षांच्या स्टीव्हन्सनने आपलं शेवटचं जागतिक सुवर्ण जिंकलं आणि १८ वर्षांच्या सावोनने पहिलं. शक्य तितक्या गोष्टी सारख्या असलेली प्रकरणं निवडायची, म्हणजे उरलेला फरक उठून दिसतो. जोडी म्हणून ही चांगलीच आहे.

अंश दिसतो, छेद लपतो

ऑलिंपिकमध्ये बरोबरी, म्हणून लोक जागतिक स्पर्धेकडे वळतात. स्टीव्हन्सनची ३ सुवर्णपदकं (१९७४, १९७८, १९८६). सावोनची ६ (१९८६, १९८९, १९९१, १९९३, १९९५, १९९७). झालं, सावोन दुप्पट मोठा!

थांबा. हा नुसता अंश झाला. छेद कुठाय?

जागतिक हौशी बॉक्सिंग स्पर्धा सुरूच झाली १९७४ मध्ये, हवानात. पुढे ती दर चार वर्षांनी व्हायची. १९८९ पासून ती दर दोन वर्षांनी होऊ लागली. म्हणजे स्टीव्हन्सनच्या काळात अशा स्पर्धा झाल्या ४, सावोनच्या काळात ७. स्टीव्हन्सन ४ पैकी ३, म्हणजे ७५ टक्के. सावोन ७ पैकी ६, म्हणजे साधारण ८६ टक्के. दुपटीचा फरक एकदम अकरा टक्क्यांवर आला. आणि छेद इतके लहान असताना एका लढतीनेही चित्र पालटतं. १९८२ मध्ये म्युनिकला इटलीच्या फ्रान्चेस्को दामियानीने स्टीव्हन्सनला हरवलं नसतं, तर त्याची टक्केवारी १०० होऊ शकली असती.

आता खरी गंमत: नोंद कशी करायची?

सावोनचं १९९७ चं सुवर्ण जरा जवळून बघूया. बुडापेस्टच्या अंतिम लढतीत तो उझबेकिस्तानच्या रुस्लान चागायेवकडून हरला होता. चागायेव त्याआधी व्यावसायिक लढती खेळल्याचं नंतर निघालं, त्याचं पदक काढून घेतलं गेलं आणि ते सावोनला मिळालं. १९९९ मध्ये ह्यूस्टनला उलटं झालं. दुसऱ्या एका क्यूबन बॉक्सरच्या निकालाच्या निषेधार्थ क्यूबाच्या संघाने स्पर्धा सोडली. सावोन अंतिम लढतीला उतरलाच नाही, आणि अमेरिकेच्या मायकेल बेनेटला पुढे चाल मिळून सुवर्ण मिळालं.

मग आपल्या तक्त्यात काय लिहायचं? तीन नियम शक्य आहेत.

१. अधिकृत नोंद हाच पुरावा. सावोन ७ पैकी ६, म्हणजे ८६ टक्के. सावोन पुढे.

२. रिंगणात अंतिम लढत जिंकली तरच जिंकला. सावोन ७ पैकी ५, म्हणजे ७१ टक्के. स्टीव्हन्सन ७५ टक्क्यांवर. आता स्टीव्हन्सन पुढे!

३. अंतिम लढत झालीच नसेल तर ती स्पर्धा मोजायची नाही, आणि झाली असेल तर रिंगणातला निकाल धरायचा. सावोन ६ पैकी ५, म्हणजे ८३ टक्के. पुन्हा सावोन पुढे.

माणसं तीच, लढती त्याच. फक्त नोंदीचा नियम बदलला आणि निष्कर्ष दोनदा उलटला. निष्कर्ष एका नियमावर टिकतो की तिन्ही नियमांवर टिकतो, हे तपासणं म्हणजेच संवेदनशीलता विश्लेषण. नाव जड आहे, गोष्ट एवढीच.

आणि नियम एकदा ठरला की तो दोघांनाही लावायचा. दुसरा नियम ऑलिंपिकला लावून बघा. १९७२ ची अंतिम लढत झालीच नव्हती. रोमानियाच्या इयोन अलेक्सेच्या अंगठ्याला दुखापत होती, त्यामुळे स्टीव्हन्सनला पुढे चाल मिळाली. म्हणजे तो ३ पैकी २ वर येतो आणि सावोन ३ पैकी ३ वर राहतो. आपल्या आवडत्या खेळाडूपुरता नियम सैल करायचा मोह इथेच होतो. तिसऱ्या फेरीत डुएन बॉबिकला लोळवणाऱ्या माणसाचं पदक वजा करायला हात धजत नाही. पण मग सावोनचं तरी का करायचं?

जे घडलंच नाही ते

क्यूबाने १९८४ च्या लॉस एंजेलिस आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. दोघांची एकेक संधी गेली. म्हणून ‘फिट्टंफाट’ म्हणावंसं वाटतं. पण १९८४ मध्ये स्टीव्हन्सन ३२ वर्षांचा होता आणि दोन वर्षांपूर्वी हरलेला होता. १९८८ मध्ये सावोन २१ वर्षांचा आणि आधीच जगज्जेता होता. एकेक नोंद गाळलेली असली तरी दोन्ही रिकाम्या जागांचं वजन सारखं नाही. त्या जागा अंदाजाने भरू नका. रिकाम्या का आहेत, ते मात्र प्रबंधात लिहा.

एकच शब्द, दोन मापं

दोघंही ‘हेवीवेट’. पण १९७२ ते १९८० मध्ये हेवीवेट म्हणजे ८१ किलोच्या वरचा कोणीही. नंतर सुपर हेवीवेट गट आला आणि हेवीवेटला ९१ किलोची वरची मर्यादा बसली. रिनोला स्टीव्हन्सन सुपर हेवीवेटमध्ये खेळला, सावोन हेवीवेटमध्ये. शब्द सारखा, चल वेगळं.

विजयाचं अंतर मोजू म्हणाल, तर तेही नाही जमत. स्टीव्हन्सनने १९८० ची अंतिम लढत पंचांच्या ४-१ अशा कौलाने जिंकली. सावोनने सिडनीत सुलतान इब्रागिमोवला २१-१३ ने हरवलं. हे २१ गुण म्हणजे संगणकावर नोंदलेले ठोसे, कारण १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये पंच बटण दाबून गुण देऊ लागले होते. नॉकआउट मोजावेत, तर १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड आलं होतं. फेऱ्यासुद्धा बदलल्या. म्युनिकला तीन मिनिटांच्या तीन, सिडनीला दोन मिनिटांच्या चार.

मग सांगायचं तरी काय?

‘तुलना होऊच शकत नाही’ असं मी म्हणत नाहीये. तो पळपुटेपणा झाला. पुराव्याला पेलेल एवढं विधान करता येतं: दोघंही ज्या ज्या ऑलिंपिकला उतरले तिथून सुवर्ण घेऊनच परतले, जागतिक स्पर्धेत संधींच्या प्रमाणात दोघं जवळपास आहेत, आणि पुढे कोण हे नोंदीच्या नियमावर ठरतं, सावोनचं वर्चस्व अधिक वेळा तपासलं गेलं, तर स्टीव्हन्सनने आपली तिन्ही ऑलिंपिक पदकं वजनाची वरची मर्यादा नसलेल्या गटात मिळवली. ‘मोठा कोण’पेक्षा हे वाक्य लांबलचक आहे, पण व्हायवात कोणी उलटतपासणी केली तर ते उभं राहील.

तुमचा आराखडा उघडा आणि ‘तुलनात्मक’ या शब्दाखाली रेघ मारा. मग बाजूला चार गोष्टी लिहा: हीच जोडी का, छेद काय, नोंदीचा नियम काय, आणि दोन्हीकडे माप एकच आहे का. नियम आकडे बघण्याआधी लिहा. आकडे बघितल्यावर लिहिलेला नियम बहुतेक वेळा आपल्याला हवा तोच विजेता निवडतो.

माझं काय झालं? गावं मोजली. दोन तालुक्यांतला फरक जवळजवळ नाहीसाच झाला. प्रकरणाचं शीर्षक बदलावं लागलं, पण ते आता मला छातीठोकपणे मांडता येतं.