गाडी खालून धुताय? डिकीतल्या जॅकवर भरवसा नको

पावसाळा संपला की गाडी वरून चकाचक होते, पण खालचा चिखल आणि ग्रीसचा थर तसाच राहतो. चिखलात ओल टिकते आणि पत्रा गंजतो. कोकण किनाऱ्यावर खारी हवा त्यात भर घालते.

मात्र सफाईसाठी डिकीतल्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. तो फक्त चाक बदलण्यापुरता असतो. तो सरकला, तर बाहेर यायलाही वेळ मिळत नाही. सपाट जागा, चाकांना अडसर आणि वजन पेलणारे जॅक स्टँड नसतील, तर गाडी सरळ रॅम्पवर न्या. सायलेन्सर आधी थंड होऊ द्या.

धुण्याआधी टॉर्च मारून पाहा. इंजिनाखाली ताजं, ओलं तेल दिसलं तर गळतीची शंका घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील, तर एक्सलचं रबरी बूट फाटलेलं असू शकतं. फोटो काढून मेकॅनिकला दाखवा, कारण धुतल्यावर खूण उरत नाही.

पेट्रोल-रॉकेल वापरू नका, आगीचा धोका असतो. काही ठिकाणी धुतल्यावर डिझेलचा फवारा मारतात. चमक येते खरी, पण रबरी बुश फुगतात आणि धूळ आणखी चिकटते. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारा डीग्रीझर बरा. हातमोजे-चष्मा घाला, तो सुकण्याआधी धुवा आणि ब्रेक डिस्कपासून दूर ठेवा. प्रेशरचा झोत वायरिंगच्या जोडांवर नको. ईव्हीच्या केशरी केबलजवळ तर नकोच.

शेवटी गाडी हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून पाहा.