दुखेल, पण भाजणार नाही

मेंदूत वेदना कुठे उमटते हे पाहायचं, तर आधी कुणाला तरी दुखवायला हवं. तेही एमआरआयच्या बोगद्यात निश्चल पडून राहिलेल्या, स्वखुशीनं आलेल्या धडधाकट माणसाला. चटका खरा बसला पाहिजे, मात्र कातडीवर फोड उठता कामा नये.

हा खटाटोप जुना आहे. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी कपाळाला काळं फासून त्यावर दिव्याचा प्रखर झोत सोडला आणि किती उष्णतेला दुखू लागतं ते मोजलं. कपाळं त्यांची स्वतःचीच होती!

दुखणं आणि भाजणं यांच्यात शरीरानं थोडी सवड ठेवली आहे, हे या साऱ्या प्रयोगांचं भाग्य. मज्जातंतूंच्या टोकांवरचं टीआरपीव्ही१ हे प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सिअसला जागं होतं. (ते शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) पण मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये दाखवलं, की ४४ अंशांना त्वचा कायमची बिघडायला सुमारे सहा तास लागतात. पुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होत जातो आणि ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद उरतात. म्हणून ४६-४७ अंशांचा दहा-बारा सेकंदांचा चटका कळवळायला लावतो, पण भाजत नाही.

आजचं उपकरण म्हणजे थर्मोड: हातावर किंवा पोटरीवर पट्ट्यानं बांधायची, जेमतेम तीन सेंटिमीटर चौरस चकती. तापवणं काय, साध्या हीटरलाही जमतं. पण बटण बंद केलं तरी हीटरची तार तापलेलीच राहते. थर्मोडमध्ये पेल्टियर घटक असतो. वीज एका दिशेनं सोडली की त्याची कातडीकडची बाजू तापते, दिशा उलटवली की तीच बाजू गार होते. ओढून घेतलेली उष्णता मागून फिरणारं पाणी वाहून नेतं. माझ्या मते या यंत्राचं सगळं मोठेपण तापवण्यात नाही, झटकन थंड होण्यात आहे.

खरी पंचाईत स्कॅनरच्या खोलीत होते. तिथे लोखंडी काही न्यायचं नाही. विजेची तार आत नेली, तर ती अँटेनासारखी बाहेरचा रेडिओगोंगाट घेऊन येते आणि चित्र बिघडवते. शिवाय तारेचं वेटोळं पडलं तर स्कॅनरच्या रेडिओलहरींनी ते तापू शकतं. म्हणजे थर्मोड सुरक्षित आणि चटका त्याच्या वायरचा! म्हणून नियंत्रक यंत्र बाहेरच्या खोलीत ठेवतात, आणि तार भिंतीतल्या फिल्टरमधून, वेटोळं न पडू देता आत घेतात. माणसाच्या हातात रबरी फुगा असतो. तो दाबला की प्रयोग तिथेच थांबतो. कारण विचारायचं नाही.

उष्णता नको असेल तर दाब वापरतात. २००२ मध्ये ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. अंगभर दुखणाऱ्या, पण तपासण्यांत काहीच न सापडणाऱ्या फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना निरोग्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्या दाबालाच तेवढं दुखत होतं. मेंदूची चित्रंही त्यांच्या सांगण्याशी जुळली. ‘मनाचे खेळ’ म्हणून ज्यांची बोळवण होत होती, त्यांच्या बाजूनं आता मोजमाप उभं होतं.