हरवलेल्या स्मृतीची उलटतपासणी

ज्या व्याधीला आज आपण अल्झायमर म्हणतो, तिच्या पहिल्या सविस्तर टिपणाचे स्वरूप एखाद्या जबानीसारखे आहे. 1901 सालच्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या ऑगस्टे डेटर नामक 51 वर्षांच्या स्त्रीला डॉ. अलोइस अल्झायमर यांनी नाव विचारले, तेव्हा तिने ते बरोबर सांगितले. आडनाव विचारल्यावर पुन्हा तेच सांगितले. आणि पतीचे नाव विचारले असता तिसऱ्यांदाही स्वतःचेच नाव घेतले. ती निवर्तल्यावर तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून 1906 मध्ये ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांनी आपले निष्कर्ष मांडले. वैद्याला असे प्रश्न विचारणे प्राप्तच असते, कारण निदानाचा मार्ग त्यांतूनच जातो. परंतु हीच उलटतपासणी घरोघर, दिवसातून अनेकदा आणि तीही प्रेमापोटी चालते, तिचे समर्थन करणे मात्र कठीण आहे.

‘‘आजी, मी कोण सांगा पाहू?’’, ‘‘आत्ताच तर जेवलात ना?’’ अशा प्रश्नांनी स्मृतीला चालना मिळते, हा आपला भाबडा समज. मेंदूतील हिपोकॅम्पस नावाच्या ज्या भागावर ताज्या घटनांची नोंद अवलंबून असते, त्याला या व्याधीत बहुधा आरंभीच क्षती पोहोचते. त्यामुळे सकाळचा चहा विसरणाऱ्या आजींना लहानपणीच्या ओव्या आणि आरत्या मुखोद्गत असतात, आणि घरच्यांना वाटते, हा विसर सोयीस्कर आहे. जी नोंद झालीच नाही ती दप्तरातून काढून दाखवा, असा आग्रह धरण्यात काय हशील? उलट प्रसंग पुसला गेला तरी त्याने उमटवलेली भावना मागे रेंगाळते. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना सुखद व दुःखद चित्रपटदृश्ये दाखविली असता, दृश्ये विस्मरणात गेल्यावरही तो आनंद वा विषाद त्यांच्या ठायी टिकून असल्याचे आढळले. दुपारी केलेला पाणउतारा संध्याकाळी आठवत नसेल. पण तो करणाऱ्याविषयीची धास्ती राहून जाऊ शकते.

दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, आणि स्वतःच्याच घरात बसून ‘‘मला घरी जायचंय, आई वाट बघतेय’’ असा धोशा लावतात. अशा वेळी ‘‘तुमची आई जाऊन तीस वर्षं झाली’’ हे सत्य सांगणे म्हणजे त्या जीवाला दर संध्याकाळी नव्याने सुतक घडविणे होय. ‘‘आईंच्या हातचं काय आवडायचं तुम्हाला?’’ असे विचारून, हात धरून अंगणात चार पावले चालवावे. हे असत्याचरण आहे काय, असा प्रश्न नीतिवाद्यांनी खुशाल उपस्थित करावा. मला तरी त्यात असत्य दिसत नाही, कारण त्या मागणीतील घर म्हणजे बहुधा विटामातीची इमारत नसून निर्धास्तपणा असतो.

मात्र ममतेच्या भरात वैद्यकाचा विसर पडू नये. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडची मंदता यांमुळेही बुद्धी मंदावते आणि त्यांवर इलाज आहे. म्हणून ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून प्रकरण निकालात काढण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. निदान झालेला रुग्ण एकाएकी अधिक भ्रमिष्ट झाला, तर मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता अथवा सांगता न येणारी वेदना यांचा शोध आधी घ्यावा. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवणे आणि खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असणे, एवढा बंदोबस्त तर हवाच.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगविलेले वृद्ध संस्कृतपंडित एका हत्तीच्या मागोमाग निघून जातात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. व्यक्तीच्या प्रतिष्ठेला केंद्रस्थानी ठेवणारे ब्रिटिश विचारवंत टॉम किटवुड यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात प्रौढाला बालक लेखण्याचा स्पष्ट निषेध केला आहे, आणि तो रास्तच आहे. तथापि ही बाई त्यांना लेकरू मानते तेव्हा त्यांची इभ्रत उणावत नाही, कारण तिला त्यांच्याकडून कोणतेच उत्तर वसूल करायचे नसते. पंडितांच्या लेकीजवळ मात्र पूर्वीच्या वडिलांची आठवण आहे, आणि तीच तिला जाचते.

म्हणून घरच्या माणसाला दोष देताना हात आखडता घ्यावासा वाटतो. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असे देशव्यापी पाहणीवरून दिसते. आणि त्यांच्या शुश्रूषेचा भार बहुतांश घरांत पत्नी, सून किंवा मुलगी यांपैकी एकीवरच पडतो. रात्रीमागून रात्री जागून काढणाऱ्या बाईकडून अखंड करुणेची अपेक्षा धरणे हा निव्वळ अन्याय आहे. केरळात 1992 मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्था कुटुंबीयांना मार्गदर्शन करतात, त्याचा लाभ घ्यावा. परंतु पहिली तजवीज घरातच व्हायला हवी. दूरदेशी असलेल्या भावंडांनी दूरध्वनीवरून सल्ले पाठवण्याऐवजी वर्षातील काही आठवडे तरी स्वतः येऊन बसावे, आणि त्या काळात त्या बाईला पूर्ण रजा द्यावी.