जमीन घेण्याचा अधिकार नेमका कोणाला?

दुकान असो, गोदाम असो वा शेत. मोबदला देऊन, पण मालकाच्या संमतीवाचून ते सार्वजनिक कामासाठी घेण्याचा अधिकार शासनाला असतो, हे सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात तो नगरपालिका, शाळामंडळे, पाणीपुरवठा संस्था, इतकेच नव्हे तर खासगी पाइपलाइन कंपन्यांनाही निरनिराळ्या कायद्यांनी मिळत गेला. कोणाकोणाला, याची एकत्र नोंद मात्र नव्हती.

भातशेतीच्या जमिनीतून पाइपलाइन नेऊ पाहणाऱ्या डेनबरी ग्रीन कंपनीने सरकारी अर्जात ‘सार्वजनिक वाहक’ या चौकटीत खूण केली होती. तेवढ्याने अधिकार सिद्ध होत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले. (पुढे २०१७ मध्ये, पुराव्याअंती, निकाल कंपनीच्याच बाजूने लागला, ही गोष्ट वेगळी.)

२०११ च्याच एका कायद्याने सर्व अधिकारधारकांना फर्मावले: अधिकार कोणत्या कलमाने मिळाला, हे ३१ डिसेंबर २०१२ पर्यंत राज्याच्या वित्तनियंत्रकांना लेखी कळवा, अन्यथा १ सप्टेंबर २०१३ रोजी तो संपुष्टात येईल. २०१५ च्या कायद्याने ही नोंद संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली झाली. ती दरवर्षी अद्ययावत करावी लागते. गतवर्षी अधिकार वापरला का, हेही सांगावे लागते. कसूर केल्यास दंड हजार डॉलरांपर्यंत. मोठ्या कंपनीला तो किरकोळच. खरा धाक अधिकार गमावण्याचाच होता.

नोटीस हाती पडलेला मालक आता वकिलाकडे जाण्यापूर्वीच ते कलम स्वतः वाचू शकतो.