बाटलीतल्या जहाजाचा पुढचा दोर

शिडाच्या जहाजावरची डोलकाठी नुसती रोवलेली नसते, ती दोरांनी तोलून धरलेली असते. तिच्या माथ्यापासून एक दोर पुढे नाळेकडे जातो आणि तिला मागे पडू देत नाही. दोन्ही बाजूंच्या काठांना, काठीच्या किंचित मागच्या अंगाला, दोरांचे जुडगे बांधलेले असतात. ते तिला पुढे किंवा आडवं कलू देत नाहीत. शिडात वारा भरला की सगळा ताण या दोरांवर येतो. शिडाच्या जहाजावर वाढलेल्या खलाशाला हे शिकवावं लागत नसे, कारण त्याचा जीव त्या दोरांवरच असे.

बाटलीच्या चिंचोळ्या मानेतून तीन डोलकाठ्यांचं जहाज आत कसं गेलं, याचं उत्तर याच पुढच्या दोरात आहे. बाहेर बांधतानाच डोलकाठ्यांच्या पायाशी बारीक बिजागऱ्या बसवतात. काठ्या मागे, सुकाणूच्या दिशेने, आडव्या पाडल्या की बाजूचे दोर आपोआप सैल पडतात आणि सगळं जहाज मिटलेल्या छत्रीसारखं सडपातळ होतं. सुकाणूची बाजू पुढे करून ते बाटलीत सरकवायचं. नाळ मानेकडे राहते आणि पुढच्या दोरांची लांब टोकं मानेतून बाहेर लोंबत असतात. ती ओढली की डोलकाठ्या उठतात. त्या सरळ झाल्या की बाजूचे दोर ताणले जातात आणि काठ्यांना पुढे जाण्यापासून अडवतात. खऱ्या जहाजावर डोलकाठी ज्या दोन ओढींमध्ये उभी असते, त्याच दोन ओढींमध्ये ती बाटलीतही उभी राहते. या कलेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. इथे वेगळी अशी युक्ती लावलेलीच नाही. जहाज ज्या विद्येने चालतं, तीच विद्या ते बाटलीत उभं करते.

डोलकाठी पाडणं आणि उभी करणं खऱ्या नौकांवरही चालत असे. लंडनला माल आणणाऱ्या थेम्स नदीवरच्या शिडाच्या बार्ज पुलाखालून जाताना डोलकाठी शिडांसकट मागे पाडत आणि पूल ओलांडला की पुढचा दोर रहाटावर ओढून ती पुन्हा उभी करत. हॉलंडच्या कालव्यांतल्या नौकाही पुलांपाशी तेच करत. पहिल्यांदा बाटलीत जहाज घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी एखादी नौका होती की नाही, ते कळायला मार्ग नाही, पण ज्ञान बंदराबंदरांत पसरलेलं होतं.

आता मापं पाहू, कारण या कामात सगळं मापावर ठरतं. साध्या वाइनच्या बाटलीच्या मानेचा आतला व्यास साधारण १८ मिलिमीटर असतो. त्यातून जहाजाचं अंग, त्यावर पाडलेल्या काठ्या आणि गुंडाळलेली शिडं असा सगळा गठ्ठा गेला पाहिजे. म्हणून अंगाची रुंदी १२ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. उदाहरणाला ‘कटी सार्क’ घेऊ. १८६९ साली पाण्यात उतरलेलं, चीनहून चहा आणण्यासाठी बांधलेलं हे वेगवान जहाज आज ग्रीनिचला गोदीत उभं आहे. लांबी सुमारे ६५ मीटर, रुंदी ११ मीटर. रुंदी १२ मिलिमीटरवर आणायची तर ते नऊशेपटींहून थोडं अधिक लहान करावं लागतं. लांबी सात सेंटीमीटर येते, आणि तख्तापासून ४६ मीटर उंच असलेली मधली डोलकाठी पाच सेंटीमीटरची होते. वाइनच्या बाटलीचं पोट आतून सुमारे सात सेंटीमीटर उंच असतं. त्यातला एखादा सेंटीमीटर समुद्र खातो, वर जहाजाचं अंग थोडं. म्हणजे काठीचं टोक काचेखाली जेमतेम मावतं. मान आणि पोट यांची बाटलीतली प्रमाणं चहाच्या जहाजाला इतकी जुळावीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

टोक काचेला टेकलं तर मात्र सगळं फसतं. म्हणून अनुभवी माणूस आधी समुद्र घालतो, तो सुकू देतो, आतली उरलेली उंची तारेने मोजतो आणि तेवढ्या उंचीचा पुठ्ठा कापून त्याखाली जहाज बाहेरच उभं करून पाहतो. काठ्या पाडायच्या, उठवायच्या, पुन्हा पाडायच्या. कुठला दोरा कशात अडकतो ते बघायचं. जहाज बाटलीत घालून उभं करणं एका बैठकीत होतं. त्याआधीचे आठवडे आणि महिने बाटलीबाहेरच्या कामाचे असतात.

अंग लाकडाचं कोरतात. डोलकाठ्यांना बांबूच्या काड्या चांगल्या, कारण इतक्या बारीक काडीत भोक पाडलं तरी बांबू सहसा फुटत नाही. भोकं अर्ध्या मिलिमीटरची, दोरा मेण चोळलेला. मेणाने त्याची लव बसते, नाहीतर एवढ्याशा जहाजावर साध्या दोऱ्याची लवसुद्धा काथ्यासारखी दिसते. बिजागरीची एक पद्धत मला विशेष आवडते. काठीच्या पायात आडवं आरपार भोक पाडून त्यातून नालाच्या आकाराची बारीक तार ओवायची आणि तारेची दोन्ही टोकं तख्तातल्या दोन भोकांत रोवायची. अमेरिकेतले कारागीर तिला हिंक्ली बिजागरी म्हणतात. काठी तिच्यावर मागे झुकते, पण डावीउजवीकडे हलत नाही. शिडं कागदाची असतात. पेन्सिलीवर वळवून त्यांना वाऱ्याचा फुगवटा देतात आणि एकाच कडेने चिकटवतात, म्हणजे काठी पडताना ती आड येत नाहीत. शिडांच्या आडव्या काठ्या मधोमध फिरत्या ठेवतात. आत जाताना त्या डोलकाठीला समांतर असतात, आत गेल्यावर लांब तारेने फिरवून आडव्या करायच्या.

समुद्र पूर्वी लांबीचा असे: खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली, खिडकीच्या काचा बसवायला वापरतात तीच. ती सुताराकडे जहाजावर असेच. तिच्यात निळा किंवा हिरवा रंग कालवून लहान गोळ्या मानेतून आत टाकायच्या, वाकवलेल्या तारेने पसरायच्या, लाटा उठवायच्या आणि त्यांच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाचा स्पर्श द्यायचा. पसरताना काचेला डाग लागला तर पुसायला फक्त तारेच्या टोकाला बांधलेला बोळा असतो. लांबीतलं तेल सुकताना बरेच दिवस वाफ सोडत राहतं, आणि बूच घाईने लावलं तर तिचा पापुद्रा काचेवर आतून बसतो. डिंकाचंही तसंच. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा डिंक, वाळताना जी वाफ सोडतो ती काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. बंद बाटलीत ती पुसणार कशी? म्हणून आत पांढरा, सावकाश वाळणारा डिंकच बरा. काठ्या उठल्या की नाळेपाशी दोरे जिथून बाहेर येतात तिथे त्याचा थेंब सोडायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग काडीला बांधलेल्या ब्लेडच्या तुकड्याने दोरे कापायचे. कापण्याच्या क्षणी डिंक ओला असेल तर डोलकाठ्या एकापाठोपाठ एक खाली बसतात.

बाटलीत काहीतरी उभं करण्याचा नाद बाटलीतल्या जहाजांपेक्षा जुना आहे. मध्य युरोपात बाटलीत खाणी, देवळं, क्रूसावरचा ख्रिस्त असे देखावे मांडले जात. जर्मनीत १६७४ साली जन्मलेला माथियास बुखिंगर जन्मापासून हातपायांविना होता. सूक्ष्म अक्षरांची चित्रं काढण्यात तो नावाजला होता आणि १७१९ साली त्याने बाटलीत खाणीचा देखावा मांडला. असे देखावे सुटे तुकडे एकेक करून आत जोडत बांधले जात. जहाजाने या कामात भर घातली ती बाहेर पूर्ण बांधून आत उलगडण्याची. सर्वांत जुनं समजलं जाणारं बाटलीतलं जहाज जर्मनीतल्या ल्युबेकच्या संग्रहालयात आहे. ते जोव्हानी बियोंदो या इटालियन माणसाचं काम असून त्यावर १७८४ साल आहे. रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात १७९५ सालचं एक आहे.

भर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बाटल्या स्वच्छ पारदर्शक काचेच्या आणि स्वस्त झाल्या होत्या, आणि शिडाच्या जहाजांचे प्रवास महिनोन्‌महिने चालत. चार तास काम, चार तास सुटी अशा पाळ्या असत. स्वयंपाकी, सुतार आणि शिडं शिवणारा यांची नोकरी मात्र दिवसाची असल्यामुळे त्यांना संध्याकाळी सलग वेळ मिळे. लागणारं सामान खोक्यांच्या फळ्या, दोरा, चाकू आणि रिकामी बाटली एवढंच. त्या काळच्या बाटल्यांत मागे दीपगृह, टेकडीवर चार घरं, शेजारी वाट दाखवणारी छोटी नाव असा देखावा वारंवार दिसतो. लांबच्या प्रवासात माणूस किनारा मांडत होता, हे मला फार बोलकं वाटतं. या जहाजांचं अंग कधी जाडजूड असतं, निशाण शिडापेक्षा मोठं असतं, पण दोर कुठून निघून कुठे जातो ते बहुधा बिनचूक असतं. ते हाताला पाठ होतं.

डेन्मार्कच्या एऱ्यो बेटावर एऱ्योस्कोबिंग नावाचं गाव आहे. तिथला पेटर याकोबसन (१८७३–१९६०) जहाजावर स्वयंपाकी होता. गाव त्याला ‘फ्लास्के पेटर’, म्हणजे बाटलीवाला पेटर, म्हणत असे. त्याने आयुष्यात सुमारे १,७०० बाटल्यांत जहाजं उभी केली. १९४३ साली त्याच्या कामाचं संग्रहालय गावातच सुरू झालं आणि ते आजही पाहता येतं. आपल्या थडग्यासाठी त्याने क्रूस घडवला तोही बाटल्या बसवलेला: सात बाटल्या, सात समुद्रांच्या. एका माणसाच्या हातून सतराशे वेळा तेच काम घडतं तेव्हा त्यात काय उरतं, असं कुणी विचारेल. मला वाटतं, त्या सतराशेंत त्याच्या पिढीचा सगळा जहाजताफा आहे. वाफेच्या बोटींनी शिडं हटवली, ती जहाजं मोडीत निघाली, आणि त्यांच्यावर राबलेल्या माणसाने ती आठवणीतून पुन्हा बांधली.

बाटली मांडण्याचंही शास्त्र आहे. तिला लाकडाच्या दोन कमानींवर आडवी ठेवतात, म्हणजे ती गडगडत नाही. फुंकून घडवलेल्या जुन्या बाटलीची काच सगळीकडे सारख्या जाडीची नसते. त्यामुळे बांधणारा आधी बाटली हातात फिरवून कुठल्या बाजूने चित्र कमी हलतं ते हेरतो आणि समुद्र त्या बाजूच्या समोरच्या अंगाला बसवतो. हेग कंपनीची चेपलेल्या बाजूंची तिकोनी ‘डिंपल’ व्हिस्कीची बाटली कारागिरांना आवडते, कारण ती गडगडत नाही. उन्हात ठेवलं तर रंग उडतात. बुचावर लाख लावायची, मानेला दोराची गाठ विणायची. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही बाटल्यांत तळ कापून जहाज आत बसवलेलं आणि तळ पुन्हा चिकटवलेला असतो. तळाच्या कडेला नख फिरवलं की सांधा लागतो. अशी बाटली मी घरात ठेवणार नाही, कारण तिच्यात पुढच्या दोराला काही कामच उरत नाही.

मोठ्या आकारात हा विषय नेला तो ब्रिटिश-नायजेरियन कलावंत यिंका शोनिबारे यांनी. २०१० साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर त्यांनी ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजाची तीसपट लहान प्रतिकृती एका प्रचंड बाटलीत ठेवली. बाटली ४.७ मीटर लांब आणि २.८ मीटर व्यासाची. तिच्यातली ३७ शिडं रंगीबेरंगी छापील कापडाची आहेत. हे कापड इंडोनेशियाच्या बाटिकवरून हॉलंडमध्ये तयार झालं आणि पश्चिम आफ्रिकेत खपलं, तिथलंच म्हणून ओळखलं जाऊ लागलं. साम्राज्याच्या जहाजाला साम्राज्याच्या व्यापाराची शिडं! २०१२ साली लोकांनी वर्गणी दिली आणि ते ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयासाठी विकत घेतलं गेलं. ‘कटी सार्क’ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आपल्या किनाऱ्याची फत्तेमारी बाटलीत घालायची म्हटली तर मात्र हे सगळं गणित बदलतं, आणि कोकणातल्या कुणीतरी ते सोडवावं असं मला मनापासून वाटतं. फत्तेमारीच्या दोन्ही डोलकाठ्या पुढे झुकलेल्या असतात आणि शीड तिकोनी, लांबलचक तिरक्या काठीला बांधलेलं. वारा बदलला की ती काठी डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते, म्हणून नाळेपासून माथ्यापर्यंतचा कायमचा पुढचा दोर या जातीच्या नौकांना बांधत नाहीत. म्हणजे युरोपच्या खलाशाला जी ओढ आयती मिळाली, ती इथे नाही. बाजूचे आणि मागचे दोर काठीला अडवतील, पण उठवणार कोण? मला एक वाट दिसते. तिरक्या काठीचं खालचं टोक नाळेशी दोराने ओढून बांधलेलं असतं. हाच दोर नाळेतल्या भोकातून मानेबाहेर काढायचा. तिरकी काठी डोलकाठीला माथ्याजवळ पक्की जोडलेली असेल, तर तिचं टोक नाळेकडे ओढताना डोलकाठीचा माथाही पुढे येईल आणि मागचे दोर ताणले की झुकाव हवा तिथे थांबेल. तिरकी काठी मागे पाडल्यावर सुकाणूच्या बरीच पलीकडे जाईल, त्यामुळे बाटलीची मान आखूड आणि पोट लांब लागेल. नौकेचं अंग मधे बरंच रुंद असल्यामुळे ते उभं चिरून दोन भागांत आत नेऊन खुंट्यांवर जोडावं लागेल. मोठ्या जहाजांसाठी तिकडचे कारागीर हे करतातच. लाकूड सागवानाचं घ्यावं, मात्र एवढ्याशा अंगासाठी त्याचे रेषे जाड पडतात, म्हणून बारीक रेषांची फळी शोधावी.