तंबूतला स्टोव्ह आणि न दिसणारे विष

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. दवाखाना बंद करून मी जेवायला निघणार, तोच चार तरुण दारात येऊन उभे राहिले. चौघेही चाकणच्या कारखान्यांत कामाला आणि मोशीत एकाच खोलीवर राहणारे. शनिवारची पाळी संपवून ते मोटारसायकलींवर नारायणगाव, आळेफाटा करीत खिरेश्वरला गेले होते. रात्री धरणाच्या काठी तंबू ठोकायचा आणि पहाटे हरिश्चंद्रगड चढायचा, असा बेत होता. पण गड चढणे राहिले बाजूलाच. सकाळी त्यांच्यातल्या एकाला काही केल्या जाग येईना. त्याला बाहेर ओढून काढला, तेव्हा तासाभराने तो नीट बोलू लागला. बाकीच्यांची डोकी ठणकत होती, मळमळत होते, दोघांना वांत्या झाल्या होत्या.

"डॉक्टर, रात्रीची खिचडी बाधली," असे त्यांनी सांगितले आणि मलाही ते पटले. चौघांनी एकाच पातेल्यातले खाल्ले आणि चौघांनाही त्रास झाला. अन्नातून विषबाधेचे याहून सरळ उदाहरण कोणते? मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडे आले ९८, ९९. मी वांतीच्या गोळ्या आणि जलसंजीवनी लिहायला घेतली.

पण एक गोष्ट खटकत होती. जुलाब एकालाही नव्हते, पोटही कुणाचे दुखत नव्हते. डोके मात्र चौघांचेही दुखत होते. शिवाय, "गाडीवर वारा लागल्यावर जरा बरं वाटलं," असे एकजण सहज बोलून गेला. मी लिहिणे थांबवून विचारले, "स्वयंपाक कुठे केला होता?"

"तंबूतच, डॉक्टर. बाहेर वारा फार होता. स्टोव्ह टिकेना. मग थंडी वाजत होती म्हणून जेवण झाल्यावरही तो बारीक करून तसाच ठेवला आणि तंबूची चेन लावून घेतली."

खिचडीचा काही दोष नव्हता. मुलांना बाधला होता तो कार्बन मोनॉक्साइड.

हा वायू येतो कुठून?

रॉकेल, पेट्रोल, गॅस, लाकूड, कोळसा यांपैकी काहीही जळताना हवा कमी पडली, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर झाला तर माणूस खोकतो आणि बाहेर पळतो. हा वायू मात्र कसलीही सूचना देत नाही. ज्योत पिवळी असेल तर तो जास्त निघतो. पण निळी ज्योत म्हणजे निर्धास्त, असेही नाही. थंड पाण्याचे मोठे भांडे ज्योतीवर अगदी टेकवून ठेवले तरी ज्योत थंड पडते आणि हा वायू वाढतो.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एसटीतल्या जागा आधीच कुणी रुमाल टाकून अडवाव्यात, तसा हा प्रकार. हवेत ऑक्सिजन असला तरी रक्तात त्याला बसायला जागा उरत नाही. मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. आधी डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, हातापायांत ताकद नसल्यासारखे वाटणे, गोंधळल्यासारखे होणे. पुढची पायरी बेशुद्धी. झोपलेल्या माणसाला तर या पायऱ्या कळतही नाहीत.

आता ऑक्सिमीटरविषयी. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात हे छोटे यंत्र घरोघर आले आणि त्याच्या आकड्यावर आपला फार विश्वास बसला. पण ते बोटातून प्रकाश टाकून रक्ताचा रंग पाहते, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखेच लाल दिसते. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. त्या दुपारी मीही त्या आकड्याला फसत होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते. ज्याला सकाळी जाग येत नव्हती, त्याला मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि बाकीच्या तिघांनाही त्याच्याबरोबर जायला लावले. तिथे त्यांना ऑक्सिजन दिला गेला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर ते काम तास-दीड तासात होते. दोन दिवसांनी चौघेही हसत भेटायला आले.

मोठमोठे फसले आहेत

ही मुले अडाणी होती असे कुणी समजू नये. अमेरिकेचे अॅडमिरल रिचर्ड बर्ड १९३४ साली अंटार्क्टिकावरील हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी बर्फात गाडलेल्या एका झोपडीत कित्येक महिने एकटे राहिले होते. तेलावर चालणाऱ्या शेगडीचा आणि वीजजनित्राचा वायू त्या बंद जागेत साठला आणि ते हळूहळू इतके आजारी पडले, की उठणेही मुश्कील झाले. बिनतारी यंत्रावरचे त्यांचे संदेश चमत्कारिक येऊ लागले, तेव्हा मुख्य तळावरच्या सहकाऱ्यांना संशय आला. ऑगस्टमध्ये ते त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि बर्ड वाचले. शेगडी बंद करावी तर थंडीने मरण, चालू ठेवावी तर वायूने, अशी त्यांची कोंडी झाली होती. आपल्याकडे सुदैवाने तशी थंडी नाही. आपल्याला एक घोंगडी जास्त घेतली की पुरते.

फक्त गिर्यारोहकांसाठी नव्हे

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे डोंगरावर जातो? मग आपल्या नाशिक रस्त्याने रात्री एक चक्कर मारा. मोशीपासून चाकणपर्यंत माल उतरवायच्या प्रतीक्षेत ट्रक उभे असतात. ड्रायव्हर आणि क्लीनर छोट्या स्टोव्हवर भाजी-पोळी करतात. ट्रकच्या आडोशाला, उघड्यावर केली तर ठीक. पण पावसात किंवा थंडीत तोच स्टोव्ह केबिनमध्ये येतो आणि काचा वर जातात. एका खोलीत सहा-सहा जण राहणारे कामगार खिडकीला पुठ्ठा लावून झोपतात आणि उबेसाठी कोपऱ्यात शेगडी ठेवतात. तंबू काय, केबिन काय, खोली काय, त्या वायूला सगळे सारखेच.

नियम एकच आणि सोपा: स्टोव्ह पेटता असेल तर जागा उघडी हवी, आणि झोपायचे असेल तर स्टोव्ह विझलेला हवा. तंबूचे दार अर्धे उघडे ठेवले म्हणजे झाले, असे मानू नका. वारा असेल तर दगडांचा आडोसा करा, पण स्टोव्ह बाहेरच ठेवा. नायलॉनचा तंबू पेट घेतो तो वेगळाच धोका.

एकाच जागेत असलेल्या सगळ्यांची डोकी एकदम दुखू लागली, तर हा वायू आहे असेच समजा. दारे उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. आत जाणाऱ्याने रेंगाळू नये, नाहीतर तोही पडायचा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि १०८ वर फोन करा. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "आत स्टोव्ह पेटलेला होता." हे एक वाक्य दहा तपासण्यांच्या तोडीचे आहे.

स्टोव्ह वाईट नाही

या लेखाने कुणी स्टोव्हवर रागावू नये. स्वीडनमधल्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली हवेच्या दाबावर चालणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह तयार केला. तोच 'प्रायमस'. १९११ मध्ये अमुंडसेन यांच्याबरोबर तो दक्षिण ध्रुवावर गेला आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. आपल्याकडे तर तो घराघरांत होता. माझ्या लहानपणी आईचा पितळी स्टोव्ह सुरू झाला, की त्या आवाजानेच आम्ही जागे होत असू. डोंगरावर स्टोव्ह नेला तर चुलीसाठी झाडे तुटत नाहीत आणि वणव्याची भीतीही कमी होते. मात्र अभयारण्यात काहीही पेटवण्याआधी वनखात्याचे नियम विचारून घ्यावेत.

ज्यांच्या घरी आता फक्त गॅस आहे, त्या तरुणांना स्टोव्ह पेटवण्याची रीत माहीत नसते. रॉकेलची वाफ झाली तरच निळी ज्योत मिळते. म्हणून आधी काकड्याने बर्नर चांगला तापवावा लागतो. तो तापण्याआधीच पंप मारला, तर वाफेऐवजी पातळ रॉकेल उडते आणि भडका होतो. काकड्याला स्पिरिट वापरत असाल तर ध्यानात ठेवा, उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. विझले समजून वरून आणखी ओतले, की आग बाटलीपर्यंत येते. हाताला सॅनिटायझर चोळला असेल, तर तो पूर्ण वाळल्याशिवाय काडी ओढू नका.

टाकी पाऊण भरावी, काठोकाठ नाही. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल कधीही ओतू नये. आधी चावी सोडून हवा काढावी, स्टोव्ह थंड होऊ द्यावा, मगच भरावे. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावताना टाकी चारी बाजूंनी बंद करू नये. ती तापते आणि आतला दाब वाढतो. आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्ये मोटारसायकलमधले पेट्रोल घालण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. रॉकेलची वाफ सहज पेटायला ते बरेच तापावे लागते; पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही ठिणगीची वाटच पाहत असते.

रेल्वेने जाणाऱ्यांनी इंधन बरोबर नेऊ नये. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १६४ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेच्या डब्यात बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून ९ जणांचा बळी गेला. चहा फलाटावरही मिळतो.

भाजले तर

कपडे पेटले तर पळू नका. पळाल्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे होऊन लोळा. इतरांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. मग भाजलेल्या भागावर साधे थंड पाणी सलग वीस मिनिटे सोडत राहा. दोन मिनिटे नव्हे, घड्याळ लावून वीस मिनिटे. लगेच जमले नाही तरी तीन तासांच्या आत केल्यास उपयोग होतो. बर्फ लावू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही लावू नका. जखम चिघळते आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला नायलॉनचा कपडा ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा.

आपला बोटांसकट तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का भाग. मोठ्या माणसाचे दहा तळहातांएवढे किंवा लहान मुलाचे पाच तळहातांएवढे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. आवाज घोगरा झाला किंवा नाकातले केस जळाले असतील तर श्वासनलिकाही भाजली आहे असे समजून एक क्षणही दवडू नये.

बाटलीतले रॉकेल

शेवटचा मुद्दा सहलीहून परतल्यावरचा. उरलेले रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत घरी येते आणि मोरीच्या कोपऱ्यात राहते. तहानलेले लहान मूल तिला तोंड लावते. अशा वेळी घरातली मंडळी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला धावतात. हे अजिबात करू नका. पोटातल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेले रॉकेल फार घातक असते आणि उलटी होताना ते नेमके तिथेच जाते. दूधही पाजू नका. रॉकेल सांडलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि मुलाला रुग्णालयात न्या. मूल खेळत असले तरी निदान सहा तास ते डॉक्टरांच्या नजरेखाली हवे. खोकला, धाप, ताप नंतरही सुरू होऊ शकतो. इंधनासाठी वेगळा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

ती चार मुले नंतर हरिश्चंद्रगड चढून आली. उतरल्यावर दवाखान्यात डोकावून एकजण म्हणाला, "डॉक्टर, या वेळी खिचडी बाहेर शिजवली. वाऱ्यामुळे तास लागला."

मी म्हटले, "लागू दे. तासभर उशिरा जेवलं म्हणून माझ्याकडे अजून कुणी पेशंट आलेला नाही."