47.6 मोठा की 28?

30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत 23 गावं आली. नगर रस्त्यावरची वाघोली त्यांतलीच. गावाचं शहर झालं की बायकांना कामाच्या संधी वाढतात, असं आपण धरून चालतो. वाघोलीशेजारी खराडीची आयटी पार्कं आहेत, तेव्हा इथे तरी ते खरं असावं असं वाटतं. देशाचे आकडे मात्र उलटं बोलतात. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार 2023-24 मध्ये 15 वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांपैकी 47.6 टक्के कामावर होत्या किंवा काम शोधत होत्या. शहरांत हेच प्रमाण 28 टक्के होतं.

मग खेडी पुढे गेली म्हणायची? घाई नको. ग्रामीण कामकरी स्त्रियांत नियमित पगारावर असलेल्या शंभरात जेमतेम 8 भरतात, शहरात साधारण निम्म्या. घरच्या शेतात खुरपणाऱ्या, गोठा सांभाळणाऱ्या बाईची गणना कामकऱ्यांत होते, पण तिच्या हातात रुपया पडतोच असं नाही. जमीन बिल्डरकडे गेली की तिचं ते कामही संपतं आणि ती आकड्यातून गळते. जमिनीचे पैसे खात्यात येतात, पण खातं बहुतेकदा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं.

देशभरचा स्त्रियांचा सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, सहा वर्षांत तो 41.7 वर गेला. जाहिरातीला हा आकडा उत्तम. पण त्याच काळात कामकरी स्त्रियांतला स्वयंरोजगारींचा वाटा 51.9 वरून 67.4 टक्क्यांवर चढला आणि नियमित पगारदारांचा 21 वरून 15.9 वर उतरला. सुमारे 37 टक्के तर घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस. याला संधी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

धंद्याचं चित्रही असंच. सहाव्या आर्थिक गणनेत स्त्रियांच्या मालकीचे उद्योग 13.76 टक्के होते आणि त्यांतल्या सुमारे 83 टक्क्यांत एकही पगारी माणूस नव्हता. म्हणजे मालकीणही तीच, कामगारही तीच.

देशाबाहेर कायदे बदलले तसं चित्र बदललं. अमेरिकेतल्या काही राज्यांत 1988 पर्यंत धंद्याच्या कर्जासाठी बाईला घरातल्या पुरुषाची सही लागे. सौदी अरेबियात 2018 मध्ये बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, कामाचे इतर निर्बंधही सैलावले आणि काही वर्षांत तिथला स्त्रियांचा सहभाग जवळपास दुप्पट झाला.

आपल्याकडे कायदा आहे, अडचण वेळेची आहे. 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 289 मिनिटं घालवताना आढळल्या, पुरुष 88. त्यात नगर रस्त्याची कोंडी मिळवा. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली ती जून 2025 मध्ये.

आणि पाळणाघर? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने त्याची सक्ती केली ती 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच. मोठ्या आयटी कंपनीतली आई त्यात बसते. तिच्याकडे पोळ्या लाटायला जाणारी, पार्लर चालवणारी, बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली राबणारी बसत नाही. या आयांसाठी महापालिकेने वाघोलीत सार्वजनिक पाळणाघरं काढावीत, आणि ती सकाळी सातला उघडावीत.